तिशी-चाळिशीत, सुटलेल्या पोटानिशी बॉक्सिंग सुरू करता येतं का? पहिल्या तीन महिन्यांत नेमकं काय होतं?

तीन मिनिटं म्हणजे किती वेळ? धीमी लोकल दादरहून माटुंग्याला पोचते, साधारण तेवढा. एरवी चार रील्स बघण्यात तो कधी जातो तेही कळत नाही. पण हीच तीन मिनिटं दोन्ही मुठी गालापाशी धरून, पायांवर सतत हलत आणि समोरच्या बॅगवर ठोसे मारत काढायची म्हटली, तर दीड मिनिटातच धाप लागते, खांदे पेटतात आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे जाते.

बॉक्सिंगमधली एक फेरी, म्हणजे राउंड, एवढ्याच वेळेची असते. १८६७ मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या क्वीन्सबेरी नियमांपासून ही तीन मिनिटांची मर्यादा चालत आलीय. ऑलिंपिकमध्येही आज तीन मिनिटांचे तीन राउंड आणि मध्ये एकेक मिनिट विश्रांती, असंच गणित आहे.

आता हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गल्लोगल्लीच्या जिममध्ये लटकलेल्या पंचिंग बॅग. पूर्वी जिथे फक्त डंबेल्स आणि ट्रेडमिल असायची, तिथे आता 'बॉक्सिंग बॅच'चा बोर्ड दिसतो. आणि तो बोर्ड वाचून मनात येणारे प्रश्नही ठरलेले असतात. वय छत्तीस, वजन नव्वदच्या पुढे, दोन जिने चढले की दम लागतो, शेवटचा खेळ दहावीच्या क्रीडा दिनाला खेळलेला. मला जमेल का? लोक हसतील का? आणि मार बसेल का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. जमतं. दुसऱ्याचंही सोपं आहे, त्याकडे येऊच. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र तुम्ही 'बॉक्सिंग' कशाला म्हणता यावर अवलंबून आहे, आणि तेच बहुतेक ठिकाणी नीट सांगितलं जात नाही.

एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी

बॉक्सिंग, किंवा आपल्या वर्तमानपत्रांच्या भाषेत मुष्टियुद्ध, या एका शब्दाखाली तीन गोष्टी येतात. पहिली, बॅगवर आणि कोचच्या हातातल्या पॅड्सवर ठोसे मारण्याचा व्यायाम. यात तुम्हाला कोणीही मारत नाही. दुसरी, स्पारिंग, म्हणजे समोर माणूस उभा करून सराव. यात तुम्ही मारता आणि खाताही. तिसरी, प्रत्यक्ष स्पर्धा.

या तिन्हींमधला धोका एकाच मापाचा नाही. पहिल्या प्रकारात मनगट, खांदा, गुडघा दुखावू शकतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात प्रश्न मेंदूचा असतो. फी भरताना मात्र पावतीवर एकच शब्द लिहिलेला असतो, बॉक्सिंग. म्हणून पहिल्याच दिवशी विचारून घ्या: "या बॅचमध्ये स्पारिंग आहे का? असेल तर ते सक्तीचं आहे का?" हा प्रश्न विचारायला मी विसरले होते. त्याचं काय झालं ते पुढे सांगते.

वय निघून गेलं का?

स्पर्धेसाठी असेल तर कदाचित. आंतरराष्ट्रीय एमेच्योर बॉक्सिंगमध्ये खुल्या गटासाठी १९ ते ४० ही वयोमर्यादा राहिलेली आहे. उशिरा सुरुवात केलेल्यांची उदाहरणंही आहेत. अमेरिकेच्या डिऑन्टे वाइल्डरने २००५ मध्ये, विसाव्या वर्षी बॉक्सिंग सुरू केलं आणि २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्याच बीजिंगमध्ये आपल्या विजेंदर सिंगनेही कांस्य जिंकलं होतं, भारताचं बॉक्सिंगमधलं ते पहिलं ऑलिंपिक पदक. पण वाइल्डरचं उदाहरण देऊन कोणी तुम्हाला वर्षभराचं पॅकेज विकत असेल तर सावध व्हा. तो आधीपासूनच बास्केटबॉल खेळणारा, साडेसहा फुटांहून उंच, धडधाकट विशीतला मुलगा होता. तुमची-माझी गोष्ट वेगळी आहे.

बॅगवरच्या सरावाला मात्र वयाची अट नाही. आणि 'आपणच एकटे जाडे असू' ही भीती तर सोडूनच द्या. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०२४ साली आलेल्या अभ्यासानुसार, २०२२ मध्ये भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. पुरेशी म्हणजे किती, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम किंवा ७५ मिनिटं जोरकस व्यायाम. थोडक्यात, नवीन बॅचमध्ये तुमच्या शेजारी धापा टाकत उभा असलेला माणूस तुमच्यासारखाच असणार. मी ज्या बॅचला जाते तिथे एक बँकेतून निवृत्त झालेले काका आहेत, एक दोन मुलांची आई आहे आणि तिघे आयटीवाले. पहिल्या आठवड्यात कोणीच कोणाकडे बघत नाही, कारण प्रत्येक जण स्वतःचा श्वास सांभाळण्यात गुंतलेला असतो.

मुंबईला तर या खेळाचा जुना वारसा आहे. १९५० मध्ये पहिली राष्ट्रीय बॉक्सिंग स्पर्धा मुंबईतल्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर झाली होती. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, ज्यांच्यावर २०२४ मध्ये 'चंदू चॅम्पियन' हा सिनेमा आला, ते १९७२ च्या पॅरालिंपिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक मिळवण्याआधी सैन्यातले बॉक्सर होते. आजही पुण्यातल्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये देशासाठी खेळणारे बॉक्सर घडतात. अर्थात तिथे तुम्ही-आम्ही सकाळी सातच्या बॅचला जाऊ शकत नाही, तो भाग वेगळा.

फी भरण्याआधी डॉक्टर

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळू नका. चाळिशी ओलांडली असेल, रक्तदाब किंवा शुगर असेल, घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असेल, जिना चढताना छातीत दडपण येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि 'मी बॉक्सिंग सुरू करतोय' हे स्पष्ट सांगा. नुसतं 'व्यायाम करू का' विचारलं तर ते 'करा की' म्हणतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर संध्याकाळचं चालणं असतं.

भारतीयांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. वजनकाटा फारसा वाईट दिसत नसला तरी पोटाचा घेर बघा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की डॉक्टर धोक्याचा मानतात. लठ्ठपणाची बीएमआयची रेघही आपल्यासाठी ३० ऐवजी २५ वर धरली जाते. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, ही आपल्याकडची नेहमीची मूर्ती त्यामुळे 'बारीक' या सदरात बसत नाही.

चष्म्याचा नंबर खूप मोठा असेल, डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली असेल, तर स्पारिंगचा विषय नेत्रतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काढूच नका. मोठ्या नंबरच्या डोळ्यांत पडदा सरकण्याचा धोका मुळातच जास्त असतो, त्यात डोक्यावर ठोसे नकोत. गरोदरपणातही ठोसे खाण्याचा सराव पूर्ण वर्ज्य.

पहिला दिवस: साडेचार मीटर कापड

पहिल्या दिवशी ठोसा मारायला मिळेल अशी आशा घेऊन आपण जातो आणि पहिली पंधरा मिनिटं हाताला पट्टी गुंडाळण्यात जातात. या पट्टीला हँड रॅप म्हणतात. मोठ्यांसाठीचा नेहमीचा रॅप १८० इंच, म्हणजे जवळपास साडेचार मीटर लांब असतो. साडीपेक्षा दोनेक हात कमी. तो सुबक गुंडाळायला शिकायला मला दोन आठवडे लागले.

हे कापड मऊपणासाठी नसतं, ते काम ग्लोव्हजचं. आपल्या तळहातात बोटांकडे जाणारी पाच बारीक हाडं असतात आणि मनगटात आठ छोटी हाडं. ठोसा बॅगवर आदळतो तेव्हा ही सगळी इकडेतिकडे सरकू नयेत, एका गठ्ठ्यासारखी राहावीत, म्हणून हा बंदोबस्त. पद्धत साधारण अशी: टोकाची फास अंगठ्यात अडकवायची, मनगटाला तीन वेढे, मग हाताच्या पाठीवरून बोटांच्या पेरांवर तीन वेढे, बोटांच्या फटींमधून एकेक, अंगठ्याभोवती एक, आणि उरलेलं पुन्हा मनगटावर. गुंडाळताना बोटं ताणून फाकवलेली हवीत. मूठ वळवून गुंडाळलं तर पट्टी सैल राहते. आणि बोटं निळसर पडली किंवा मुंग्या आल्या तर जास्त आवळलंय, सोडा आणि पुन्हा करा.

मूठ कशी वळायची हेही पहिल्याच दिवशी कळतं, आणि आजवर आपण ती चुकीची वळत होतो हेही. अंगठा बोटांच्या आत अजिबात नाही, बाहेर, दुमडलेल्या बोटांवर. आदळायची ती तर्जनी आणि मधल्या बोटाची पेरं. करंगळीच्या बाजूने आदळलं तर करंगळीच्या मुळाशी असलेलं हाड मोडतं. या मोडीला डॉक्टरांच्या भाषेत 'बॉक्सर्स फ्रॅक्चर' म्हणतात खरं, पण ती बॉक्सरांपेक्षा रागाच्या भरात भिंतीवर, दारावर ठोसा मारणाऱ्यांना जास्त होते.

मग उभं राहणं. उजवा हात चालवणाऱ्यांसाठी डावा पाय पुढे, उजवा मागे, दोन्हींत खांद्याएवढं अंतर, मागची टाच किंचित उचललेली, गुडघे ढिले, हनुवटी खाली, मुठी गालांशी. याला ऑर्थोडॉक्स पवित्रा म्हणतात. डावखुरे उलटे उभे राहतात, त्यांना साउथपॉ म्हणतात. कुस्तीतला पवित्रा बघितलेल्यांना हे ओळखीचं वाटेल. आपली पहिली चूक म्हणजे दोन्ही पाय एका रेषेत ठेवणं. तसं उभं राहिलात की कोच एका बोटाने खांद्याला ढकलतात आणि तुम्ही डगमगता. मुद्दा लगेच समजतो.

ठोसे मोजून चार प्रकारचे. पुढच्या हाताचा सरळ तो जॅब, मागच्या हाताचा सरळ तो क्रॉस, बाजूने वळून येणारा हूक आणि खालून वर जाणारा अपरकट. पहिला महिनाभर जॅब आणि क्रॉसच. त्याला कंटाळू नका. क्रॉसची ताकद दंडातून येत नाही, ती मागच्या पायाच्या चवड्यापासून निघते, कंबर वळते, मग खांदा, आणि हात शेवटी पोचतो. हे कागदावर वाचून कळत नाही. एके दिवशी बॅगचा आवाज बदलतो. इतके दिवस नुसती ढकलल्यासारखी 'धप' करत झुलणारी बॅग अचानक 'फट्' वाजते आणि जागच्या जागी थरथरते. तेव्हा कळतं.

मग एवढा दम का लागतो?

नवशिक्यांना वाटतं, स्टॅमिना नाही म्हणून. ते अर्धंच खरं आहे. रोज पाच किलोमीटर धावणारा माणूसही पहिल्या बॉक्सिंग बॅचमध्ये दुसऱ्या राउंडला गळपटतो. त्याची कारणं दुसरीकडे आहेत.

सगळ्यात मोठं कारण म्हणजे श्वास रोखून धरणं. जोर लावताना आपण नकळत श्वास कोंडतो, जड सिलिंडर उचलताना कोंडतो तसा. चार ठोसे मारले की चार वेळा श्वास कोंडलेला असतो. बॉक्सर ठोशागणिक 'स्स', 'स्स' असा आवाज काढतात, तो स्टाइल म्हणून नाही. प्रत्येक ठोशाबरोबर थोडा श्वास बाहेर जातो, म्हणजे पुढचा आपोआप आत येतो. आमचे सर पहिला आठवडाभर एकच वाक्य ओरडत होते: "मॅडम, श्वास घ्या की! फुकट आहे."

दुसरं कारण, सतत आवळलेलं शरीर. मूठ फक्त आदळण्याच्या क्षणी घट्ट हवी, बाकी वेळ ग्लोव्हच्या आत ढिली. नवशिक्याची मूठ, जबडा, खांदे, सगळं तीन मिनिटं आवळलेलंच. आणि तिसरं, ग्लोव्हजचं वजन. ग्लोव्हज औंसात मोजतात. एक औंस म्हणजे सुमारे २८ ग्रॅम. १६ औंसाचा एक ग्लोव्ह साडेचारशे ग्रॅमचा, दोन्ही मिळून नऊशे. घरी अर्धा-अर्धा किलो साखरेच्या दोन पुड्या गालापाशी धरून तीन मिनिटं उभे राहा. ठोसा एकही मारू नका. खांदे का पेटतात ते समजेल.

म्हणून पहिल्याच दिवशी तीन मिनिटांचे राउंड करायचे नसतात. एक मिनिट काम, एक मिनिट विश्रांती, असे पाच-सहा राउंड पुरेत. दोन-तीन आठवड्यांनी दोन मिनिटं काम, एक मिनिट विश्रांती. तीन मिनिटांचा पूर्ण राउंड सहाव्या-आठव्या आठवड्याला आला तरी उत्तम. वेग किती ठेवायचा याचं साधं माप म्हणजे बोलणं. विश्रांतीचं मिनिट संपताना तुम्ही एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलू शकत नसाल, तर पुढच्या राउंडला वेग कमी करा किंवा एक राउंड सोडा. बाजूचा करतोय म्हणून करू नका.

दोरीच्या उड्या हा आणखी एक सापळा. सिनेमात त्या फार छान दिसतात. पण नव्वद किलोच्या माणसाने पहिल्याच दिवशी दहा मिनिटं उड्या मारल्या तर नडग्या आणि गुडघे महिनाभर बोलतात. तीस सेकंद उड्या, तीस सेकंद थांबा, असं चार-पाच वेळा. फार वजन असेल तर आधी दोरीशिवाय, जमिनीपासून जेमतेम इंचभर उचलून. हे करताना वेडगळ दिसतं, पण गुडघे वाचतात.

दुसऱ्या दिवशी

अंग दुखणार. एक दिवसाने सुरू होईल आणि दोन-तीन दिवस राहील. दात घासताना हात वर जाणार नाही, हे नॉर्मल आहे. आठवड्यातून दोन, फार तर तीन दिवस बॉक्सिंग आणि मधल्या दिवशी चालणं, एवढंच पहिल्या महिन्यात झेपतं. रोज जाण्याचा उत्साह असतो, कारण फी भरलेली असते. पण खांदा आणि मनगट उत्साहाच्या वेगाने तयार होत नाहीत.

काही दुखणी मात्र नॉर्मल नाहीत. सांध्यात टोचल्यासारखं दुखणं, मनगटाला सूज, मूठ वळताना कळ. आणि एक फारसं कोणाला माहीत नसलेलं लक्षण: बऱ्याच वर्षांनी अचानक अतोनात व्यायाम केल्यावर लघवी काळ्या चहासारखी किंवा कोलाच्या रंगाची झाली, स्नायू सुजले, तर तडक हॉस्पिटल गाठा. स्नायूंच्या पेशी मोठ्या प्रमाणात फुटून त्यातले घटक रक्तात उतरतात आणि किडनीवर ताण येतो. उन्हाळ्यात, कमी पाणी पिऊन, 'पहिल्याच दिवशी घाम काढू' छापाच्या वर्कआउटनंतर हा धोका वाढतो. नवशिक्याला पहिल्या दिवशी उलटी होईपर्यंत पळवणारा कोच कडक नसतो, बेजबाबदार असतो.

वजन किती उतरतं?

'एका तासात हजार कॅलरी' असे दावे तुम्ही वाचले असतील. जरा हिशेब करू. वेगवेगळ्या हालचालींना किती ऊर्जा लागते याचा एक तक्ता संशोधक वापरतात. त्याच्या २०११ च्या आवृत्तीत पंचिंग बॅगवरच्या सरावाला ५.५, स्पारिंगला ७.८ आणि रिंगमधल्या प्रत्यक्ष बॉक्सिंगला १२.८ असा अंक दिलेला आहे. हा अंक गुणिले तुमचं वजन गुणिले तास, म्हणजे साधारण कॅलरी.

८० किलोच्या माणसाने बॅगवर अर्धा तास घालवला तर ५.५ गुणिले ८० गुणिले अर्धा, म्हणजे २२०. एका वडापावाच्या आसपास. तासाभराच्या बॅचमध्ये वॉर्मअप, पट्टी बांधणं, पाणी पिणं आणि कोचचं ऐकणं वजा केलं तर बॅगवर अर्धा तासच मिळतो. हजारचा आकडा खऱ्या बॉक्सरच्या रिंगमधल्या वेगाचा आहे, तुमच्या-माझ्या नाही.

त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांत वजनकाट्याने फार कौतुक केलं नाही तर निराश होऊ नका. जे बदलतं ते काट्यावर दिसत नाही. जिना चढून आल्यावर बोलता येतं. झोप लागते. माझ्या बाबतीत, डेस्कवर वाकून बसल्याने कायम धरलेली मान सुटली. वजन कमी करणं हाच हेतू असेल तर ताटातल्या गोष्टी बदलाव्या लागतील, बॅग ते काम एकटी करणार नाही.

काय विकत घ्यायचं, काय नाही

पहिल्या दिवशी फक्त हँड रॅप्सची जोडी घ्या. काहीशे रुपयांत मिळते आणि ती स्वतःचीच हवी. ग्लोव्हज बहुतेक जिममध्ये असतात. ते हातात घातल्यावर, किंवा नाकाजवळ नेल्यावर, स्वतःचे घ्यायची इच्छा आपोआप होते. तरी एक महिना थांबा. महिनाभर टिकलात तर घ्या. बॅगसाठी १२ किंवा १४ औंस, अंगाने भारी असाल तर १४-१६. स्पारिंगला सहसा १६. रॅप न बांधता नुसते ग्लोव्हज घालून बॅग मारू नका, ग्लोव्ह कितीही महागाचा असला तरी.

बॉक्सिंग शूजची सध्या गरज नाही. पण जाड, उंच टाचेचे धावण्याचे शूज घालून वळताना घोटा मुरगळू शकतो, त्यापेक्षा सपाट तळाचे बूट बरे. बायकांसाठी चांगली, घट्ट स्पोर्ट्स ब्रा ही ग्लोव्हजच्याही आधीची खरेदी. दातांचं गार्ड फक्त स्पारिंग करणार असाल तर, आणि मग मात्र त्याशिवाय एक मिनिटही नाही.

स्पारिंग: हो म्हणण्याआधी

आता तो विसरलेला प्रश्न. माझा दुसरा आठवडा होता. जॅब नीट सरळ जात नव्हता. बॅच संपता संपता "चला, आज थोडं स्पारिंग" असं जाहीर झालं आणि माझ्यासमोर एक कॉलेजचा मुलगा उभा राहिला. 'हलकंच' असं ठरलं होतं. नाही म्हणायला लाज वाटली, कारण सगळे बघत होते. तिसऱ्या-चौथ्या ठोशाला, बहुतेक मी स्वतःच पुढे झुकले आणि त्याचा हात कपाळाच्या बाजूला बसला. पडले नाही, चक्करही आली नाही. हसून "ठीक आहे" म्हटलं. संध्याकाळी ऑफिसमध्ये एकच मथळा मी तीन वेळा वाचला आणि तिन्ही वेळा अर्थ लागला नाही. डोकं दोन दिवस दुखत होतं, स्क्रीनचा उजेड सहन होत नव्हता. डॉक्टरांनी कन्कशन, म्हणजे मेंदूला बसलेला सौम्य धक्का, असं निदान केलं आणि स्क्रीनसकट सगळं कमी करायला लावलं. ती जिम मी सोडली. बॉक्सिंग नाही सोडलं.

कन्कशनसाठी बेशुद्ध पडावं लागत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास, मंद झाल्यासारखं वाटणं, चिडचिड, झोप बिघडणं, नुकतंच घडलेलं न आठवणं, यातलं काहीही धक्क्यानंतर काही तासांनीही सुरू होऊ शकतं. अशा वेळी सराव तिथेच थांबवायचा. पहिला धक्का पूर्ण बरा होण्याआधी दुसरा बसला तर ते जास्त धोकादायक ठरतं. एमेच्योर बॉक्सिंगच्या नियमांत डोक्यावरच्या ठोशाने नॉकआउट झालेल्या खेळाडूला किमान ३० दिवस सक्तीची विश्रांती असते. व्यावसायिक वळणाच्या, तरुण, तयार खेळाडूंसाठी हा नियम आहे. मग ऑफिस सुटल्यावर येणाऱ्यांनी दुसऱ्या दिवशी परत रिंगमध्ये का उतरावं? उलट्या थांबत नसतील, डोकेदुखी वाढत जात असेल, बोलणं अडखळत असेल, एका बाजूचा हात-पाय कमजोर वाटत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल.

डोक्याला वारंवार मार बसण्याचे परिणाम नवीन शोध नाहीत. हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने १९२८ मध्येच बॉक्सरांमधल्या या आजारावर लिहिलं होतं. वर्षानुवर्षं मार खाल्लेल्या व्यावसायिक बॉक्सरांची ती गोष्ट होती, दोन-चार हलक्या स्पारिंगने असं होतं असा त्याचा अर्थ नाही. पण मेंदूच्या बाबतीत 'थोडं चालतं' याची नेमकी रेघ कुठे, हे कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

'हेडगार्ड आहे ना' हे दुसरं लाडकं उत्तर. हेडगार्डमुळे भुवई फाटणं, कान-गालाला मार बसणं कमी होतं. कवटीच्या आत मेंदू हलतो, तो हेडगार्डने थांबत नाही. पुरुषांच्या खुल्या गटातून तर २०१३ मध्ये हेडगार्ड काढूनच टाकलं गेलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याशिवाय खेळले. त्या निर्णयावर वाद आहेत. तरी 'हेडगार्ड घातलं म्हणजे डोकं सुरक्षित' हे कोणत्याच बाजूचं म्हणणं नाही.

स्पारिंग करूच नये का? असं मी म्हणणार नाही. ज्यांना खेळ म्हणून बॉक्सिंग शिकायचंय त्यांना समोर माणूस लागतोच, बॅग उलटून मारत नाही. पण तीन महिने आधी बचाव शिका. पहिलं स्पारिंग फक्त अंगावरचं, डोकं सोडून. किंवा एक जण फक्त जॅब मारेल आणि दुसरा फक्त चुकवेल, असं बांधलेलं. समोर अनुभवी माणूस हवा, तोही नवशिका असेल तर घाबरून जोरात मारतो. कोच दोघांच्या शेजारी उभा हवा, फोनवर नको. आणि आयुष्यभर स्पारिंग न करता फक्त बॅग आणि पॅड्सवर सराव करत राहिलात तरी तुमचं बॉक्सिंग 'खोटं' ठरत नाही. आमच्या बॅचमधले निवृत्त काका दोन वर्षं तेच करतायत. त्यांचा क्रॉस बॅगवर पडला की मागचे लोक वळून बघतात.

जिम कशी निवडायची?

एक दिवस नुसतं बसून बॅच बघायची परवानगी मागा. ती मिळाली नाही तर पुढे जा. मिळाली तर रिंगमधल्या चांगल्या खेळाडूंकडे बघू नका, सगळ्यात मागे असलेल्या माणसाकडे बघा. कोच त्याच्यापाशी जातो का? त्याचं मनगट वाकडं पडतंय हे कोणी सांगतं का? तो थांबला तर त्याला हसतात की पाणी देतात? वीस-पंचवीस जणांच्या बॅचला एकच कोच आणि मोठ्या आवाजातलं संगीत, असं असेल तर तो बॉक्सिंगच्या चालीवरचा एरोबिक्सचा वर्ग आहे. घाम येईल, मजाही येईल, पण मनगट कोणी सुधारणार नाही. वर्षभराची फी एकदम भरू नका, सवलत कितीही असली तरी.

शेवटचं एक, कारण पावसाळा आहे. सराव संपल्यावर ओले रॅप्स ग्लोव्हजमध्ये कोंबून बॅगेत टाकायचे आणि दोन दिवसांनी उघडायचे, असं करू नका. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत त्यातून वास येतो, आणि बोटांमध्ये नायटा उठला तर महिनाभर मलम लावत बसावं लागतं. रॅप्स घरी गेल्यावर लगेच धुवा. ग्लोव्हज मशीनमध्ये घालू नका, आतून कोरड्या फडक्याने पुसा, वर्तमानपत्राचे बोळे भरा आणि पंख्याखाली तोंड उघडं ठेवून वाळवा. बोळे सकाळी बदला.